आपली माणसे आपण कधी वाचणार?

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानाला आज हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव आहे. पहाटे तेथे फिरावयास येणाऱ्या कोणाही नाशिककराला विचारले, तर कान्हेऱ्यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन याचा वध केला, एवढे तो निश्चित सांगेल. २१ डिसेंबर १९०९ ची ती रात्र, विजयानंद नाट्यगृहातील ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग, आणि पुढे १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात अनंत कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे व विनायक देशपांडे या तिघांनी पत्करलेला फास, हा इतिहास या गावाने जपून ठेवला आहे. मात्र ज्याच्यावर गोळी झाडली गेली तो जॅक्सन आणखी कोण होता, हे सांगणारा क्वचितच भेटतो.

जॅक्सन हा केवळ महसूल गोळा करणारा अधिकारी नव्हता. तो संस्कृतचा जाणकार होता, प्राचीन भारतीय इतिहासाचा अभ्यासक होता. लोक त्याला ‘पंडित’ म्हणत. मुंबई इलाख्यातील गावोगावच्या शाळामास्तरांकडून त्याने ग्रामदैवते, झाडांची व नागांची पूजा, दृष्ट काढण्याचे प्रकार, रोगराईच्या देवता, भुताखेतांविषयीच्या समजुती यांची माहिती मागविली होती. त्याच्या मृत्यूनंतर आर. ई. एन्थोव्हेन या दुसऱ्या सनदी अधिकाऱ्याने ती सामग्री संपादित करून १९१४ मध्ये गुजरातचा आणि १९१५ मध्ये कोकणचा असे दोन खंड प्रसिद्ध केले. याच जॅक्सनच्या कारकिर्दीत बाबाराव सावरकरांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. एका हाताने देशभक्ताला अंदमानकडे धाडायचे आणि दुसऱ्या हाताने त्याच्याच समाजातील देवदेवस्की टिपून ठेवायची, अशी ती व्यवस्था होती.

यात विसंगती काहीच नाही. इंग्रजांना या देशावर राज्य करायचे होते आणि राज्य करायचे तर माणसे वाचता आली पाहिजेत, हे त्यांना कळत होते. प्रश्न त्यांचा नाही, आपला आहे. त्यांनी आपल्याला सत्तेसाठी वाचले. आपण आपल्या माणसांना आत्मीयतेसाठी तरी वाचतो का? स्वातंत्र्याला पाऊण शतक उलटून गेल्यानंतरही आपल्या मुलामुलींच्या शिक्षणाचा विचार करताना ‘मानववंशशास्त्र’ हा शब्द आपल्या घरात उच्चारलाही जात नाही, याची खंत वाटते. म्हणूनच आज एका साध्या आग्रहासाठी हा लेख लिहीत आहे. डॉक्टर, अभियंता, वकील, शिक्षक किंवा प्रशासक होऊ इच्छिणाऱ्या तरुणाने आपल्या मुख्य पदवीच्या जोडीने मानववंशशास्त्राचाही रीतसर अभ्यास करावा.

“हे शिकून मिळणार काय?”

हा प्रश्न पालक विचारणार, आणि त्यांनी तो विचारलाच पाहिजे. कर्ज काढून, पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकविणाऱ्या मध्यमवर्गीय घराला तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. केवळ मानववंशशास्त्राची पदवी घेऊन नोकरीच्या बाजारात उभ्या राहणाऱ्याची वाट सोपी नाही, हे प्रांजळपणे मान्य करावे लागेल. म्हणूनच मी ‘ऐवजी’ म्हणत नाही, ‘जोडीने’ म्हणतो. मुख्य पदवी हातांना काम देते. ते काम ज्यांच्यासाठी करायचे त्या माणसांची ओळख हे शास्त्र करून देते.

या शास्त्राचा पसारा मोठा आहे. मानवी शरीराची जडणघडण व आनुवंशिकता, भूतकाळातील मानवाचे अवशेष, त्याची भाषा, आणि त्याचे कुटुंब, नातीगोती, विवाह, श्रद्धा, अर्थव्यवहार या सर्वांचा एकत्रित विचार ते करते. त्याची खरी ओळख मात्र त्याच्या पद्धतीत आहे. प्रश्नावली हातात घेऊन तासाभरात गाव ‘उरकणे’ या शास्त्राला मान्य नाही. अभ्यासकाने त्या लोकांत जाऊन राहावे, त्यांची बोली शिकावी, त्यांच्या पंक्तीला बसावे, पेरणीपासून मळणीपर्यंतचे वर्ष त्यांच्याबरोबर काढावे आणि मगच लेखणी उचलावी, अशी त्याची शिस्त आहे. संघटनेच्या कार्यकर्त्याला ही पद्धत अपरिचित वाटू नये. प्रवास, मुक्काम, घरोघरी भोजन आणि संपर्क हे त्याच्याही कामाचे अंग आहे. फरक एवढाच की कार्यकर्ता बहुधा सांगावयास जातो आणि मानववंशशास्त्रज्ञ ऐकावयास जातो.

या शास्त्राच्या जन्माला साम्राज्याचा डाग आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख हर्बर्ट रिस्ले याने भारतीयांची नाके मोजली आणि नाकाच्या रुंदीवरून जातीची सामाजिक पायरी ठरते, असा सिद्धान्त मांडला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर अख्ख्या समाजांना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये तो कायदा रद्द केला. तो शिक्का मात्र कित्येकांच्या कपाळावरून अद्याप पुसला गेलेला नाही. परंतु शत्रूने तलवार वापरली म्हणून लोखंड टाकून द्यायचे नसते, त्याचा नांगर करायचा असतो. आपल्याच काही थोर मराठी माणसांनी नेमके हेच केले, आणि त्यांतील प्रत्येकाने हे शास्त्र दुसऱ्या विद्येच्या जोडीने हाती घेतले होते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

तीन मराठी उदाहरणे

पहिले उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. कोलंबिया विद्यापीठात त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. त्याच्या जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र त्यांनी घेतले. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरील आपला निबंध वाचला. पुढील वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वरी’मध्ये छापून आला. वंशाच्या दृष्टीने पाहता भारतातील लोक संमिश्र आहेत. मात्र या देशाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सांस्कृतिक ऐक्य आहे, असे त्यांनी त्यात प्रतिपादन केले. जातीचे मूळ वंशात नसून जातीअंतर्गत विवाहाच्या निर्बंधात आहे, हे त्यांनी तर्कशुद्ध रीतीने दाखविले. रिस्लेचे नाकमोजणीचे शास्त्र जगात प्रतिष्ठा मिरवीत असतानाचा हा काळ आहे. हा विद्यार्थी केवळ अर्थशास्त्रच शिकला असता, तर त्याला आपल्या समाजाच्या व्याधीचे निदान इतक्या नेमकेपणाने करता आले असते काय?

आणि निदान होऊनही आपण काय केले? २ मार्च १९३० रोजी याच नाशकात काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. वर्षानुवर्षे तो चालला आणि दारे बंदच राहिली. १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यातील येवल्याला बाबासाहेबांना ती धर्मांतराची घोषणा करावी लागली. ज्याने या समाजाचे सांस्कृतिक ऐक्य शास्त्राच्या भाषेत मांडले, त्यालाच या समाजाने दाराबाहेर उभे ठेवले. आपल्या माणसांना न वाचण्याची किंमत किती मोठी असते, हे नाशिकइतके दुसऱ्या कोणत्या गावाला कळले पाहिजे?

दुसरे उदाहरण डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांचे. १८९३ साली मालवणला जन्मलेले घुर्ये मूळचे संस्कृतचे पदवीधर. शिष्यवृत्तीवर ते इंग्लंडला गेले, केंब्रिजला रिव्हर्स या मानववंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले आणि १९२४ पासून त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाची धुरा वाहिली. संस्कृत ग्रंथांचे ज्ञान आणि क्षेत्रकार्याची शिस्त यांचा संगम त्यांच्यात झाला होता. जात व वंश यांवरील १९३२ च्या ग्रंथात त्यांनी रिस्लेच्याच मोजमापांची फेरतपासणी केली आणि उत्तर हिंदुस्थानाबाहेर त्याचा सिद्धान्त टिकत नाही, हे दाखवून दिले. महादेव कोळी समाजावर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. या समाजाची वस्ती आपल्या इगतपुरी-त्र्यंबक परिसरापर्यंत पसरलेली आहे.

घुर्ये व व्हेरिअर एल्विन यांचा वाद प्रसिद्ध आहे. धर्मप्रसारक म्हणून भारतात आलेले आणि पुढे चर्चपासून दूर झालेले एल्विन मध्य प्रांतात वनवासींमध्ये राहत होते. १९३९ च्या आपल्या बैगांवरील ग्रंथात त्यांनी या समाजासाठी बाहेरच्यांपासून संरक्षित असे जणू राष्ट्रीय उद्यान राखून ठेवावे, अशी कल्पना मांडली. घुर्यांनी १९४३ मध्ये ग्रंथ लिहून त्याला उत्तर दिले. हे समाज वेगळे ‘मूळनिवासी’ नसून हिंदू समाजाचाच मागे राहिलेला भाग आहेत आणि त्यांचे भवितव्य अलगतेत नव्हे, एकात्मतेत आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपल्याला तो निष्कर्ष जवळचा वाटतो. परंतु येथे एक पथ्य पाळले पाहिजे. घुर्ये त्या निष्कर्षाला पुराव्यांच्या आधारे पोहोचले होते; आपण मात्र पुष्कळदा निष्कर्ष पाठ करतो आणि पुरावे वाचण्याचे कष्ट टाळतो. एल्विन यांचेही संपूर्ण चित्र पाहिले पाहिजे. पुढे त्यांनी आपली भूमिका सौम्य केली, १९५४ मध्ये भारताचे नागरिकत्व घेतले आणि ईशान्येच्या प्रशासनाचे सल्लागार म्हणून काम केले. सावकार व मद्याचे ठेकेदार यांनी वनवासींची केलेली लूट त्यांना दिसत होती आणि ती खरी होती. प्रतिपक्षाचे खरे मान्य करून आपली बाजू मांडणे, ही या शास्त्राने शिकविलेली सभ्यता आहे.

तिसरे उदाहरण डॉ. इरावती कर्वे यांचे. फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झालेल्या इरावतीबाई घुर्यांच्या विद्यार्थिनी. पुढे त्या बर्लिनला गेल्या. तेथील त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचे होते आणि नंतर नाझी वंशशास्त्राचे एक आधारस्तंभ ठरले. कवटीचा असमतोल आणि वंश यांचा संबंध तपासण्याचे काम त्यांनी या मराठी मुलीला दिले. तिने १४९ कवट्या मोजल्या आणि असा काहीही संबंध आढळत नाही, असे आपल्या प्रबंधात निर्भयपणे लिहिले. परक्या देशात, गुरूच्या अपेक्षेविरुद्ध, केवळ पुराव्याच्या बळावर उभे राहण्याचे हे धैर्य! १९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. ‘युगान्त’कार म्हणून मराठी घरांना त्या ठाऊक आहेत, परंतु महाभारतातील माणसांकडे पाहण्याची त्यांची दृष्टी नातेसंबंधांच्या शास्त्रीय अभ्यासातून घडली होती, हे आपण विसरतो.

हिंदू समाज म्हणजे एका गोळ्याचे पडलेले तुकडे नव्हेत. निरनिराळे समूह आपापले वेगळेपण राखून एकमेकांच्या शेजारी आले व त्यांतून हा समाज घडला, अशी त्यांची मांडणी होती. एकतेसाठी एकसारखेपणाची सक्ती लागत नाही, हेच तर आपणही व्यासपीठावरून सांगतो. त्याच इरावतीबाई पंढरीच्या वारीत चालल्या आणि एकाच दिंडीत जातीजातींच्या पंगती वेगळ्या बसतात, हे पाहून अस्वस्थ झाल्या. ती अस्वस्थता त्यांनी लपविली नाही, लिहिली. भक्ती आणि चिकित्सा एकाच मनात नांदू शकतात, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही.

नाशिक जिल्ह्याची गरज

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. २०११ च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाखांच्या घरात होती आणि तिच्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश होते. सुरगाणा व पेठ या तालुक्यांत ते ९० टक्क्यांहून अधिक आहे. कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल, ठाकर, कातकरी अशा अनेक समाजांचे हे घर. राज्याचे आदिवासी विकास आयुक्तालय नाशकात आहे, महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठ नाशकात आहे आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठही नाशकातच आहे. असे असूनही, कॉलेज रोडवरच्या आपल्या मुलांना डोंगरदेवाचा उत्सव काय, बोहाडा कशाला म्हणतात, कणसरीची पूजा का करतात, हे विचारून पाहा. युरोपातील सणांची माहिती त्यांना अधिक असेल.

माझ्या परिचयातील एक तरुण डॉक्टर शासकीय सेवेच्या बंधपत्रासाठी पश्चिम पट्ट्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. क्षयरोगाचे औषध सहा महिने न चुकता घ्यावे लागते. त्याचे काही रुग्ण दोन-तीन महिन्यांनंतर यायचेच बंद झाले. त्याने नोंदवहीत लिहिले, ‘रुग्ण बेजबाबदार, उपचार सोडला.’ गावातील आशाताईंनी ते पाहिले आणि त्या शांतपणे म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, पळाले नाहीत ते. भात कापून झाला, आता द्राक्षाच्या बागांवर गेले. उचल घेतलीय ना आधीच.” दिंडोरी-निफाडच्या बागांमधील कामाचा हंगाम आणि डोंगरातल्या घराचा चुलीचा हिशेब एकमेकांत कसा गुंतला आहे, हे त्या मुलाला वैद्यकाच्या कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते. पुढच्या वर्षी त्याने भातकापणीच्या आधीच अशा रुग्णांची यादी केली, ते कोठे जाणार ते विचारले आणि तेथील केंद्राला कळवून औषधाची सोय केली. नोंदवहीतील ‘बेजबाबदार’ हा शब्द त्याने स्वतःच्या हाताने खोडला. त्याचे हृदय पहिल्यापासून चांगलेच होते. त्याला उणीव भासत होती ती एका शास्त्राची.

सिकलसेलचेही असेच. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून या आनुवंशिक रक्तविकाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट तिने समोर ठेवले आहे. रक्ततपासणी यंत्र करील. परंतु आई व वडील दोघेही वाहक असतील तर अपत्याला हा आजार होऊ शकतो, म्हणून विवाहापूर्वी दोघांची तपासणीपत्रे जुळवून पाहा, हे सांगावे लागते माणसांना. कोणत्या समाजात सोयरीक कोठे जुळते, मामाच्या मुलीशी विवाह कोठे चालतो, लग्नात कोणाचा शब्द अखेरचा मानतात, हे ज्याला ठाऊक नाही तो हा सल्ला कोणाला आणि कसा देणार? आणि वाहक ठरलेल्या मुलीवर कायमचा शिक्का बसू नये, याची काळजी तो कशी घेणार?

वकिलांचे पाहू. जमातीच्या दाखल्यांची पडताळणी हा आपल्या राज्यात किती घरांच्या झोपेचा प्रश्न आहे, हे वेगळे सांगावयास नको. महादेव कोळी असल्याच्या दाव्यावरून उद्भवलेल्या एका प्रकरणात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीची कार्यपद्धती घालून दिली. देवदैवते, विधी, विवाहाच्या चाली, अंत्यसंस्काराची रीत अशा मानववंशशास्त्रीय वैशिष्ट्यांची चौकशी तिच्यात अंतर्भूत आहे. पुढे २४ मार्च २०२३ च्या निकालात, महाराष्ट्रातीलच प्रकरणात, न्यायालयाने स्पष्ट केले की ही आप्तभाव चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे. शहरात वाढलेल्या मुलाला पूर्वजांचे विधी सांगता आले नाहीत, एवढ्यावरून त्याचा दावा फेटाळता येत नाही. या निकालातील तत्त्व मानववंशशास्त्राचा विद्यार्थी चटकन ओळखेल. संस्कृती ही गोठलेली वस्तू नसते, ती स्थलांतराने व शिक्षणाने बदलते. खऱ्या वनवासीचा हक्क बनावट दाखल्याने हिरावला जाऊ नये, आणि खऱ्या वनवासीलाच ‘तू पुरेसा वनवासी दिसत नाहीस’ असेही ऐकावे लागू नये. या दोन अन्यायांमधील अरुंद वाट चालण्यासाठी कायद्याच्या पदवीला या शास्त्राची जोड हवीच.

अभियंत्यांचा प्रश्न तर अधिकच निकडीचा आहे. नार-पार-गिरणा नदीजोड प्रकल्पाला २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली. गिरणा खोऱ्याची तहान खरी आहे आणि पश्चिमेकडे वाहून जाणारे पाणी अडविण्याची गरजही खरी आहे. परंतु ज्या डोंगरदऱ्यांतून ते पाणी उचलायचे, तेथे माणसे राहतात, त्यांची देवस्थाने आहेत, त्यांच्या पूर्वजांच्या जागा आहेत. कोयना धरणाने विस्थापित झालेल्यांची पाहणी इरावतीबाई कर्वे यांनी जाई निंबकर यांच्यासह केली आणि ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. जमिनीच्या मोबदल्याने कुटुंबाचे सगळेच नुकसान भरून येत नाही. गाव मोडले की शेजार, सोयरीक आणि अडीअडचणीचा आधारही मोडतो. धरणाच्या भिंतीची उंची ठरविणाऱ्याने हेही गणितात धरले, तर विकासाला विरोध करणाऱ्यांची निम्मी भाषणे आपोआप थांबतील.

आणि आपला सिंहस्थ! २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशकात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मृत्युमुखी पडले. त्या दिवसाची आठवण आजही अंगावर काटा आणते. यात्रेकरू म्हणजे केवळ ‘गर्दी’ नव्हे. तो कुटुंबाने, गावाने, पंथाने बांधलेला असतो. त्याला विशिष्ट क्षणी, विशिष्ट जागी स्नान करायचे असते. त्याच्या पायांना श्रद्धा दिशा देते, फलक नव्हे. २०१३ च्या प्रयागच्या कुंभाचा अभ्यास करण्यासाठी हार्वर्ड विद्यापीठाची पथके आली आणि २०१५ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला. त्यांचे कौतुक अवश्य करावे. परंतु बारा वर्षांनी आपल्या दारात येणाऱ्या या महापर्वाचा अभ्यास करणारे आपले किती विद्यार्थी आपण तयार केले? २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते व पूल बांधणारे हात मिळतील. भाविकाच्या पावलांची भाषा समजणारे डोळे कोठून आणायचे?

कार्यकर्त्यांना दोन शब्द

सेवाकार्य करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांपुढे एक गोष्ट नम्रपणे मांडावीशी वाटते. १९५२ मध्ये बाळासाहेब देशपांडे यांनी जशपूरला वनवासी कल्याण आश्रमाचे काम सुरू केले, तेव्हापासून असंख्य कार्यकर्त्यांनी या क्षेत्रात आयुष्ये वेचली. त्यांच्या आत्मीयतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु आत्मीयता ही ज्ञानाची जागा घेऊ शकत नाही. आईचे मुलावर निरतिशय प्रेम असते, तरीही ताप चढल्यावर ती वैद्याकडे जाते. आपण ‘वनवासी’ म्हणतो, शासन ‘अनुसूचित जमाती’ म्हणते, आणि त्या समाजातील अनेक सुशिक्षित तरुण स्वतःला आग्रहाने ‘आदिवासी’ म्हणवितात. पाड्यावरचा वृद्ध मात्र विचारले तर ‘आम्ही कोकणा’, ‘आम्ही वारली’ असे सांगतो. कोणता शब्द बरोबर यावर परिसंवाद झडत राहतील. पण माणूस स्वतःची ओळख काय सांगतो, ते आधी ऐकून घेणे हा या शास्त्राचा पहिला पाठ आहे. तो ज्याने गिरविला, त्याच्यावर पाड्यावरची माणसे विश्वास टाकतात.

या अभ्यासात कधीकधी आपल्या समजुतींना धक्काही बसेल. आपल्या घरातील रीत हीच साऱ्या हिंदू समाजाची रीत, असे आपल्याला नकळत वाटत असते. आहार, विवाह, देज, दफन या बाबतींत आपल्याहून अगदी वेगळे वागणारी माणसेही तितकीच आपली आहेत, हे जेव्हा क्षेत्रकार्यात उमगते, तेव्हा आपलेपणाची व्याख्या रुंदावते. भारतीय मानववैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने कुमार सुरेश सिंह यांच्या नेतृत्वाखाली १९८५ पासून हाती घेतलेल्या प्रकल्पात देशातील ४,६३५ समाजांची नोंद झाली. सिंह हे मूळचे प्रशासकीय अधिकारी आणि इतिहासकार. बिरसा मुंडांवरील त्यांचे लेखन मान्यता पावलेले आहे. ४,६३५ हा आकडा वाचून कोणाला देशाचे विघटन दिसेल. मला त्यात भारतमातेच्या घरातील माणसांची यादी दिसते. स्वतःच्या घरातील माणसांची नावेच ठाऊक नसतील, तर घर आपले म्हणण्याला अर्थ काय?

वाटा आता मोकळ्या आहेत

पूर्वी एका वेळी एकच पूर्णवेळ पदवी घेता येत असे. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये ही अट शिथिल केली. वर्गांच्या वेळा एकमेकांच्या आड येत नसतील तर दोन पदव्या प्रत्यक्ष वर्गात, किंवा एक प्रत्यक्ष व दुसरी दूरशिक्षणाने, एकाच वेळी घेण्याची मुभा मिळाली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाचा बहुविद्याशाखीय अभ्यासाचा आग्रह यामागे आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांना त्यांच्या नियामक परिषदांचे नियम लागू असतात, ते प्रवेशापूर्वी अवश्य पाहावेत. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात मानववंशशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात हा विषय दूरशिक्षणाने शिकता येतो. नाशिकच्या महाविद्यालयांनी निदान एखादा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू करावा आणि त्यात महिनाभराचे क्षेत्रकार्य अनिवार्य ठेवावे, ही अपेक्षा अवास्तव नाही.

नागरी सेवा परीक्षेची तयारी करणाऱ्या घरांना हा विषय ऐच्छिक म्हणून ठाऊक असतो. २०१७ च्या परीक्षेत देशात प्रथम आलेले अनुदीप दुरीशेट्टी अभियंता होते आणि त्यांनी हाच विषय घेतला होता. ‘गुण देणारा विषय’ म्हणून चार महिन्यांत टिपणे पाठ करणाऱ्यांना दोष देऊ नये. पण एवढेच सांगावेसे वाटते की ज्या प्रश्नाचे उत्तर आज पाचशे गुणांसाठी लिहिले, त्याच प्रश्नातील माणूस उद्या अर्ज घेऊन तुमच्या कचेरीच्या दारात उभा राहणार आहे. तेव्हा टिपणे उपयोगी पडणार नाहीत. पाड्यावर घालविलेली एखादी रात्र उपयोगी पडेल.

जॅक्सनच्या हाताखालचे शाळामास्तर आपलेच होते. गावोगावची माहिती त्यांनीच लिहून पाठविली. तिचा धनी मात्र दुसरा झाला, कारण तिचे मोल त्याला कळले होते. आज कोणी परका जिल्हाधिकारी आपल्याला प्रश्नावली धाडणार नाही. प्रश्न आपणच विचारायचे आहेत, उत्तरे आपणच ऐकायची आहेत आणि त्यांतून निघणारे काम आपणच करायचे आहे. येत्या जूनमध्ये आपल्या मुलाचा वा मुलीचा प्रवेशअर्ज भरताना, मुख्य विषयाशेजारच्या रिकाम्या रकान्याकडे क्षणभर थांबून पाहावे, एवढीच विनंती. आणि त्याआधी एखाद्या रविवारी मुलांना घेऊन सुरगाण्याच्या बाजूला जाऊन यावे. कोणाच्या ओसरीवर बसावे, काहीही सांगू नये, फक्त विचारावे, “तुमच्याकडे कसं करतात?”